पाठीशी देश नसलेला जिल्हा

हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार. हिंदी महासागरातल्या मॉरिशस या देशाची लोकसंख्या आज साडेबारा लाखांच्या आसपास आहे. माणसांचा हिशेब करायचा तर दोन्ही जवळपास सारखेच. जमीन मात्र हिंगोलीकडे दुपटीहून जास्त: मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, तर हिंगोलीचे साडेचार हजारांहून अधिक. तरीही एक आहे महाराष्ट्रातल्या छत्तीस जिल्ह्यांपैकी एक, आणि दुसरे आहे सार्वभौम राष्ट्र. त्याला स्वतःचे चलन आहे, स्वतःची मध्यवर्ती बँक आहे, संयुक्त राष्ट्रांत भारताइतकेच एक मत आहे. जगात अशी छोटी बेटराष्ट्रे बरीच आहेत. १९९२ च्या रिओ परिषदेत त्यांचे प्रश्न वेगळे असल्याचे जगाने मान्य केले, आणि आज संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे एकोणचाळीस देश आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना आपण बहुधा वाढत्या समुद्रापाशी सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. पण समुद्र वाढू लागण्याच्या कितीतरी आधीपासून या देशांपुढे एक मूलभूत अडचण उभी आहे. ती समजून घेण्यासाठी एक जिल्हा आणि एक बेट शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरते.

सेनगाव तालुक्यातले गोरेगाव घ्या. सोयाबीन, तूर, हळद, हरभरा ही इथली पिके. सोयाबीनचा भाव ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एकही गोरेगावच्या, किंबहुना हिंगोलीच्याही हातात नाही. खाद्यतेलावरचे आयात शुल्क दिल्लीत ठरते, हमीभाव दिल्लीत जाहीर होतो, पीककर्जाची धोरणे मुंबईत आखली जातात. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यात पावसाने ओढ दिली, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला आणि त्या नोव्हेंबरात गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढल्याचे सरकारला कळवले. पीक एकाच बाजाराला बांधलेले आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, अशा अवस्थेत माणसे कुठवर ढकलली जातात याचा हा पुरावा. तरीही या जिल्ह्याच्या मागे काही आधार आहेत. रेशनचे धान्य पंजाबात कमी पिकले म्हणून किंवा हिंगोलीत पाऊस पडला नाही म्हणून बंद होत नाही. आपत्ती निवारणाचा निधी राज्य आणि केंद्र देते. पीकविमा, कर्जमाफी, रोजगार हमी हे सगळे अपुरे पडते, उशिरा पोचते, त्यात गळती असते. पण ते असते. आणि काहीच उरले नाही तर पुणे, मुंबई, हैदराबाद इथे जाण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. जिल्ह्याला निर्णयाचे अधिकार नाहीत, पण पाठबळ आहे. बेटराष्ट्राचे नेमके उलटे आहे. त्याला सगळे अधिकार आहेत आणि पाठबळ कुणाचेच नाही. छोटे बेटराष्ट्र म्हणजे ज्याच्या पाठीशी देश नाही असा जिल्हा.

या उणिवेची किंमत आकड्यांत दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. मराठवाड्यावर तो मोठा घाव होता, पण भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात त्याची खूण शोधूनही सापडत नाही. राज्य, केंद्र, जागतिक बँकेचे कर्ज आणि देशभरातून आलेली मदत यांतून नवी गावे उभी राहिली. आता कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकाचे पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने एका रात्रीत केलेले नुकसान त्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सव्वादोन पटींहून अधिक भरले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत मालदीवचे नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून जास्त होते. वादळ किंवा लाट मोठ्या देशाच्या एका कोपऱ्याला लागते आणि उरलेला देश तो कोपरा सावरतो. बेटराष्ट्राला उरलेला देशच नसतो. शिवाय खर्चाचे गणित वेगळेच. दहा हजार लोकांसाठी असो की दहा कोटींसाठी, न्यायालय, बंदर, हवामान खाते, परराष्ट्र खाते हे सगळे उभारावेच लागते. माल आणणारे जहाज अर्धे रिकामे आले तरी भाडे पुरेच द्यावे लागते. म्हणून अशा देशांचे अर्थकारण बहुधा एकाच गोष्टीवर तगलेले असते: कुठे ऊस, कुठे केळी, कुठे ट्यूना मासा, कुठे पर्यटक. प्रशांत महासागरातल्या नाउरूचा तर एकवीस चौरस किलोमीटरचा सगळा पसारा फॉस्फेटच्या खाणींवर चालला. १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात तो जगात अगदी वरच्या रांगेत होता; साठे संपत आले, पैशांची गुंतवणूक चुकली आणि एका पिढीत देश कंगाल झाला.

मॉरिशसची सुरुवात याहून आशादायक नव्हती. मूळ रहिवासीच नसलेले हे बेट डचांनी १५९८ मध्ये ताब्यात घेतले आणि १७१० मध्ये सोडून दिले. फ्रेंचांनी तिथे आफ्रिकेतून आणि मादागास्करातून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि उसाची लागवड वाढवत नेली. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपणार हे ठरले, तेव्हा मळेवाल्यांना मजुरांची गरज पडली आणि त्यासाठी भारताकडे हात पसरला गेला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ हे जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईच्या किनाऱ्याला लागले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, या बंदरात उतरले. त्या धक्क्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. या गिरमिटियांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज काही हजारांत मोजण्याइतकेच आहेत. पण या बेटाच्या धोरणांचा त्यांच्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे पाहिले की मोठा मुद्दा स्पष्ट होतो.

१९६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत अॅलिक्स आणि कॅरोल या दोन वादळांनी बेट उद्ध्वस्त केले. हजारो घरे उडून गेली, उसाचे पीक आडवे झाले. त्याच सुमारास वसाहतीच्या सरकारने जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाला पाहणीसाठी बोलावले. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९६१ च्या त्यांच्या अहवालाचा सूर निराशेचा होता. हिवताप आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या वेगाने वाढत होती. निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. जमीन आणि कारखाने मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांच्या हाती, मजूर भारतीय वंशाचे, सरकारी नोकऱ्यांत आणि गोदीत आफ्रिकी वंशाचे लोक आणि व्यापारात चिनी व मुसलमान. आर्थिक फळी आणि वांशिक फळी एकच असलेल्या अशा समाजात शांततेने विकास होणे कठीण, असे त्यांचे मत होते. १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळण्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईत दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. मीड यांचे भाकीत खरे ठरणार असे मानायला भरपूर कारणे होती.

ते खोटे ठरले, आणि ते कसे ठरले यात या प्रकरणाचे सार आहे. मॉरिशसने आपल्याजवळच्या निर्णयाच्या अधिकारातून स्वतःचे पाठबळ उभे केले. साखरेचे मळे सरकारने काढून घेतले नाहीत. साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि तो पैसा सर्वांच्या शाळा-दवाखान्यांकडे वळवला. १९५८ मध्येच उत्पन्नाची अट काढून टाकून प्रत्येक वृद्धाला पेन्शन लागू झाली होती. देश गरीब असताना घेतलेला हा निर्णय २००४-०५ मधला थोडा काळ सोडला तर टिकून राहिला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९७५ च्या लोमे करारातल्या साखरविषयक तरतुदीने मॉरिशसला युरोपात दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरावीक भावाने विकता येऊ लागली आणि तो भाव बहुतेक वर्षे जागतिक बाजारापेक्षा बराच वरचा होता. या जादा पैशाचे काय करायचे, हा खरा धोरणाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९७० च्या कायद्यात आधीच तयार होते. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना करसवलत आणि कच्च्या मालाची शुल्कमुक्त आयात देणारा हा कायदा एका कुंपणापुरता नव्हता. बेटावर कुठेही कारखाना काढा, सवलत लागू. हाँगकाँगचे भांडवल आले, आणि ज्या साखरमालकांनी पैसा परदेशी नेला असता त्यांनी तो कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत घातला. उसाच्या फडात अर्ध्या मजुरीवर राबणाऱ्यांच्या मुली आणि नाती शिलाई यंत्रांवर बसल्या, त्यांच्या हाती पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेरोजगारी वीस टक्क्यांच्या घरात होती; दशक सरता सरता कारखान्यांना माणसे कमी पडू लागली.

दुसरी कसोटी दीड दशकाने आली. कपड्यांच्या जागतिक व्यापारातली देशवार कोटा पद्धत १ जानेवारी २००५ पासून संपली आणि चीनचा माल मोकळा सुटला. युरोपने साखरेचा हमी भाव २००६ ते २००९ या काळात छत्तीस टक्क्यांनी खाली आणला. ज्या दोन आधारांवर देश उभा होता ते दोन्ही पाच वर्षांत निसटले. एवढ्या धक्क्याने नाउरूसारखा देश कोसळला असता. मॉरिशस तोवर पर्यटन, बँकिंग आणि वित्तसेवा, संगणकसेवा यांत शिरला होता. साखर कारखान्यांची संख्या कमी केली, उरलेल्या कारखान्यांत उसाच्या चिपाडांपासून वीज बनवून सरकारी जाळ्यात सोडली, साध्या साखरेऐवजी महागड्या विशेष साखरेच्या जाती विकायला काढल्या. मोफत शाळेतून बाहेर पडलेली पिढी हाताशी नसती तर यातले काहीच जमले नसते. आज या देशाचे दरडोई उत्पन्न भारताच्या चौपटीहून जास्त आहे. एका आधारातून मिळालेल्या कमाईतून पुढचा आधार विकत घ्यायचा, आणि तो बदल पेलण्याची ताकद सर्वांत खालच्या माणसापर्यंत पोचवायची, ही रीत छोट्या देशासाठी सर्वांत मोलाची ठरली.

वाटणी फक्त पैशाची नव्हती. संसदेत बासष्ट निवडून आलेल्या सदस्यांखेरीज आठ जागा अशा आहेत की ज्या समाजाला मतपेटीतून पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही त्यातल्या पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांना त्या दिल्या जातात. या पद्धतीमुळे जात-धर्माचे राजकारण पक्के होते अशी टीका तिथेच होते, आणि तिच्यात तथ्य आहे. पण छोट्या समाजाला आपला आवाज बुडाल्याची भीती उरली नाही हेही खरे. तिथल्या मराठी समाजाकडे पाहा. लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास असलेल्या या समाजाच्या गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदीबरोबर मराठीही सरकारी शाळांत शिकवली जाते, तिचे शिक्षक मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तयार होतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या क्रेओल गायकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला आणि दंगली पेटल्या. आफ्रिकी वंशाचा क्रेओल समाज या वाटणीत मागे राहिला हे त्यातून उघड झाले, आणि ते दुखणे अजून पुरते बरे झालेले नाही. सर्वांना सामावणारी धोरणे जिथे पोचली तिथे शांतता टिकली, जिथे पोचली नाहीत तिथे ती फाटली.

यावर पहिला आक्षेप नशिबाचा. मॉरिशसला साखरेसाठी युरोपची बाजारपेठ मिळाली, जागा मोक्याची मिळाली, म्हणून जमले, असे म्हणता येईल. साखरेच्या कोट्यात सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचाच होता हे मान्य करावे लागेल. पण तोच करार फिजीला आणि जमैकालाही मिळाला होता. फिजीचा कोटा दुसऱ्या क्रमांकाचा, तिथला ऊसही १८७९ पासून आलेल्या भारतीय गिरमिटियांनीच पिकवला. फरक पुढच्या निर्णयांत पडला. फिजीत जमिनीचा हक्क आणि सत्तेचा वाटा यांवर तोडगा निघाला नाही; १९८७ मध्ये दोन आणि २००० मध्ये एक सत्तापालट झाला, शिकलेले भारतीय वंशाचे लोक देश सोडून गेले, जमिनीचे भाडेपट्टे संपताच उसाचे क्षेत्र घटत गेले. वारे दोन्ही बेटांकडे सारखेच वाहिले होते. त्याचा उपयोग कुणी केला हे धोरणाने ठरवले.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो भारतीय वाचकाने विचारायलाच हवा. भारत आणि मॉरिशस यांच्यातल्या १९८२ च्या करारानुसार मॉरिशसमार्फत आलेल्या गुंतवणूकदाराच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर भारतात कर लागत नसे आणि मॉरिशसही तो लावत नसे. वर्षानुवर्षे भारतातल्या थेट परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा स्रोत कागदावर हे चिमुकले बेट होते. त्यातला काही पैसा भारतातूनच बाहेर जाऊन वळसा घालून परत येत असल्याचे आरोप झाले. म्हणजे एका बेटाने आपले पाठबळ उभारताना भारताच्या तिजोरीला भोक पाडले, आणि त्या तिजोरीत हिंगोलीचाही वाटा होता. याचे समर्थन होऊ शकत नाही. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारतात कर लागू झाला, हे योग्यच झाले. २०२० मध्ये पैशाच्या गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मॉरिशसला करड्या यादीत टाकले. नियम कडक केल्यावर २०२१ मध्ये नाव निघाले. सार्वभौमत्व भाड्याने देणे हा छोट्या देशांपुढचा कायमचा मोह आहे: कुणी कर चुकवायला जागा देतो, कुणी नागरिकत्व विकतो. पण हा मोह होतो तो दुसरे काही विकायला नसते म्हणून. ज्यांना तो थांबवायचा आहे त्यांनी या देशांच्या प्रामाणिक मालाला आणि प्रामाणिक गरजेला जागा द्यायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे: घरातली धोरणे कितीही चांगली असली तरी समुद्राला ती थोपवू शकतात का? शकत नाहीत. २५ जुलै २०२० रोजी जपानी मालकीचे ‘वाकाशिओ’ हे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतले आणि सुमारे हजार टन तेल खाडीत पसरले. लोकांनी उसाच्या पाल्याने भरलेली पोती शिवून तेल अडवले. जहाज ना त्यांच्याकडे निघाले होते, ना त्यांच्याकडून. त्याच वर्षी करोनाने पर्यटक थांबवले आणि देशाचे उत्पन्न एका वर्षात जवळपास पंधरा टक्क्यांनी घसरले. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने उच्च उत्पन्नाचा देश म्हणून ज्याचे नाव नोंदवले, तो पुढच्याच वर्षी खालच्या वर्गात आला. आता जन्मदर घटला आहे, कर्ज फुगले आहे आणि २०२५ मध्ये सरकारला पेन्शनचे वय साठवरून टप्प्याटप्प्याने पासष्ट करण्याची घोषणा करावी लागली. तुवालूसारख्या अकरा हजारांच्या आसपास वस्तीच्या, समुद्रापासून जेमतेम काही हात उंच देशापुढे तर असे पर्यायही नाहीत. २०२३ च्या करारान्वये ऑस्ट्रेलियाने दरवर्षी २८० तुवालूवासीयांना कायमचे वास्तव्य देऊ केले आहे. एखाद्या देशाच्या सुरक्षिततेचा उपाय म्हणून तो देश हळूहळू रिकामा करणे, इथवर गोष्ट आली आहे.

म्हणून मॉरिशसच्या कथेतून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. पहिला घरचा: ज्यांच्याकडे थोडेच आहे त्यांनी आपली मिळकत वाटून घ्यावी, शिक्षणात गुंतवावी आणि एका पिकावर, एका गिऱ्हाइकावर विसंबू नये. हा निष्कर्ष मराठवाड्यालाही लागू आहे. हिंगोलीची हळद वसमतच्या बाजारात येते, तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्यावरची प्रक्रिया आणि तिचा नफा जिल्ह्यातच राहील अशी व्यवस्था करण्याचे अधिकार जिल्ह्याला मिळाले, तर पाठबळ आणि निर्णय दोन्ही एका जागी येतील. दुसरा निष्कर्ष बाहेरचा: घरच्या शहाणपणाला मर्यादा आहे. किल्लारीला उभे करण्यासाठी पैसा नागपूरहून आणि केरळातूनही आला, कारण आपण एका देशाचे होतो. त्याला कुणी भीक म्हटले नाही. हवामान बदलाला ज्या बेटांनी जवळजवळ काहीच हातभार लावला नाही, त्यांच्यासाठी जगाने हीच भूमिका घ्यायला हवी. दरडोई उत्पन्न थोडे वाढले की सवलतीचे कर्ज बंद, हा नियम बदलण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक मान्य केला. वित्तसंस्थांनी तो अजून वापरात आणायचा आहे. भारताने या मागणीमागे आपले सगळे वजन उभे करावे. गिरमिटियांच्या नातवंडांशी नाते सांगणाऱ्या देशाला ते शोभेल, आणि लांब किनारपट्टी असलेल्या देशाच्या हिताचेही ते आहे. हानी आणि नुकसान भरपाईचा निधी २०२२ मध्ये ठरला आणि २०२३ मध्ये दुबईत सुरू झाला. सगळ्या श्रीमंत जगाने मिळून त्यात पहिल्यांदा देऊ केले ते सुमारे ७० कोटी डॉलर. एका मारिया वादळाने एकट्या डॉमिनिकाचे केलेले नुकसान होते सुमारे १३० कोटी डॉलर.